वर्गातील अनुदिनी : विद्यार्थ्याच्या लेखणीला वाचक हवा

शाळेत लिहिले जाणारे बहुतेक लेखन एकाच वाचकासाठी असते आणि तो वाचक म्हणजे गुण देणारा शिक्षक. ब्लॉग अर्थात अनुदिनी हे साधन वर्गात नीट वापरले, तर ही स्थिती बदलू शकते. मात्र त्यासाठी ब्लॉग हे शिक्षकाचे कोठार न राहता विद्यार्थ्याचे व्यासपीठ व्हायला हवे.

मराठी शाळांतील निबंधाची वही उघडून पाहिली, तर एक विलक्षण साम्य दिसून येते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर चाळीस मुलांनी लिहिलेल्या चाळीस निबंधांत आकाश एकाच प्रकारे काळवंडते, मोर एकाच प्रकारे पिसारा फुलवतो आणि शेवटी पाऊस सर्वांना एकसारखाच हवाहवासा वाटतो. ज्या मुलाच्या घराच्या पत्र्यातून रात्रभर पाणी गळते, त्याच्याही निबंधात मोर नाचतोच. या मुलांना लिहिता येत नाही असे नव्हे. आपण काय पाहिले, आपल्याला काय वाटले हे कोणाला हवे आहे, असे त्यांना कधी जाणवूनच दिलेले नसते. मार्गदर्शकातील परिच्छेद पाठ करावा, तो वहीत उतरवावा, शिक्षकांनी लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवाव्यात आणि खाली गुण द्यावेत, एवढाच त्या लेखनाचा प्रवास. परीक्षा संपली की वही रद्दीत जाते.

लेखन ही मुळात कोणाला तरी काही सांगण्याची क्रिया आहे. सांगण्याजोगे काही नाही आणि ऐकणारेही कोणी नाही, अशा अवस्थेत दहा वर्षे भाषेचा अभ्यास झाला, तर पदवीधर झालेल्या तरुणाला साधा अर्ज लिहिताना घाम का फुटतो, याचे आश्चर्य वाटायला नको. वर्गात ब्लॉग वापरावा की नाही, या प्रश्नाचा विचार खरे तर येथून सुरू व्हायला हवा. तो यंत्राचा प्रश्न नाही. तो लेखनाचा, पर्यायाने विचार करण्याच्या सवयीचा प्रश्न आहे.

छापखाना शिरला वर्गात

मुलांच्या लेखनाला वाचक मिळवून देण्याची कल्पना संगणकाच्या युगात जन्मलेली नाही. दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या लहानशा गावात सेलेस्टँ फ्रेने नावाचा एक प्राथमिक शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला इजा झाल्यामुळे त्याला वर्गात फार वेळ बोलणे शक्य होत नसे. १९२४च्या सुमारास त्याने एक छोटासा हातछपाईचा संच वर्गात आणला. मुलांनी आपल्या मनाने, आपल्या अनुभवावर मजकूर लिहायचा. वर्गाने मिळून त्यातला एक निवडायचा, त्यावर चर्चा करून तो नीटनेटका करायचा आणि मुलांनीच खिळे जुळवून तो छापायचा, अशी ही पद्धत होती. पुढे ब्रिटनी प्रांतातील एका शाळेशी या छापील पानांची देवघेव सुरू झाली. समुद्रकाठच्या मुलांना डोंगराळ गावातील जीवन कळू लागले आणि डोंगरातील मुलांना समुद्रावरचे. आपले लिखाण दूरची मुले वाचणार आहेत, हे कळल्यावर अक्षर, शब्द आणि तपशील यांबद्दल मुले स्वतःच दक्ष झाली.

त्याच काळात महाराष्ट्रातही असा एक प्रयोग चालू होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या वर्षांत साने गुरुजी शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित दैनिक चालवले आणि १९२८मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. रोज एक ताजे पान आणि ते वाचण्यासाठी जमणारी मुले, हे ‘छात्रालय दैनिका’चे स्वरूप आजच्या ब्लॉगपेक्षा फारसे वेगळे म्हणता येणार नाही. भेद इतकाच, की ते पान वसतिगृहाच्या भिंतींपलीकडे जाऊ शकत नव्हते.

याहून मागे जायचे, तर समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, शाई आणि लेखणी कशी करावी, इतक्या बारकाव्यांत ते शिरतात. रोज काही ना काही लिहावे आणि सातत्याने वाचावे, हा त्यांचा उपदेश तर घराघरांत ठाऊक आहे. लेखनाला नित्यकर्म मानणाऱ्या या परंपरेत ‘अनुदिनी’ हा मराठी शब्द ब्लॉगसाठी रुळावा, हे उचितच होय.

अनुदिनीत काय वेगळे आहे?

‘वेबलॉग’ हा शब्द १९९७मध्ये प्रचारात आला आणि त्याचेच पुढे ‘ब्लॉग’ असे लघुरूप झाले. १९९९मध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाल्यावर संगणकाची आज्ञावली न शिकताही कोणालाही आपले पान महाजालावर ठेवता येऊ लागले. २००३मध्ये ती सेवा गूगलने विकत घेतली. २००५मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथून ‘एज्युब्लॉग्ज’ ही केवळ शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठीची सेवा सुरू झाली. एव्हाना पाश्चात्त्य देशांतील अनेक शिक्षक वर्गाचा ब्लॉग चालवू लागले होते.

शिक्षणाच्या दृष्टीने ब्लॉगची तीन वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे प्रत्येक नोंदीवर तारीख असते आणि जुनी नोंद टिकून राहते. जून महिन्यात चार ओळी लिहिणारे मूल फेब्रुवारीत चार परिच्छेद लिहू लागले, तर ती प्रगती त्याला स्वतःला आणि पालकांनाही दिसते. दुसरे म्हणजे वाचकाला प्रतिसाद देता येतो. तिसरे म्हणजे एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे दुवा देता येतो. मागच्या वर्षीच्या सहावीने गावातील विहिरींची नोंद केली असेल, तर यंदाची सहावी तिथूनच पुढे काम करू शकते. वही दरवर्षी कोरी असते, ब्लॉग मात्र शाळेची स्मृती होऊ शकतो.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रातील शिक्षकांना ब्लॉग नवा नाही. २०१० नंतरच्या दशकात, विशेषतः २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर, जिल्हा परिषद शाळांतील असंख्य शिक्षकांनी मराठीतून ब्लॉग उघडले. कोणी स्वखर्चाने संगणक घेतला, कोणी रात्री उशिरापर्यंत बसून युनिकोडमध्ये टंकन शिकले. स्वाध्यायपत्रिका, कविता, शासननिर्णय, शिष्यवृत्ती परीक्षेचे प्रश्नसंच, चाचण्यांचे नमुने असे प्रचंड साहित्य त्यांनी विनामूल्य उपलब्ध करून दिले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याचा प्रयोग केला आणि २०२०मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. ग्रामीण मराठी शिक्षक तंत्रज्ञानात मागे आहे, हा शहरी समज या मंडळींनी खोटा ठरवला. त्याबद्दल समाजाने त्यांचे ऋण मानले पाहिजे.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. यातील बहुतेक ब्लॉग हे शिक्षकांनी शिक्षकांसाठी उभारलेले साहित्याचे कोठार होते. त्यात विद्यार्थी क्वचितच दिसतो आणि दिसला, तरी तो छायाचित्रात रांगेत उभा असतो. त्याचे लेखन, त्याचा प्रश्न, त्याचे निरीक्षण तेथे नसते. पुढे व्हॉट्सअ‍ॅपचे गट आले आणि साहित्य पाठवण्याचे काम त्यांनी अधिक वेगाने केल्यामुळे अनेक ब्लॉग ओस पडले. कोठाराला पर्याय मिळाला की कोठार बंद होते. विद्यार्थ्यांच्या लेखनाचे व्यासपीठ झालेल्या ब्लॉगवर सहसा ही पाळी आली नसती, कारण गटावर आलेला मजकूर दुसऱ्या दिवशी वाहून जातो, त्याची अनुदिनी होत नाही.

मुलांनी लिहावे तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या अंगणातच आहे. शाळेत साधे पर्जन्यमापक असेल, तर पावसाळ्यातील रोजचा पाऊस मोजून आठवड्याची नोंद करता येते. गावातील पेरणी त्या पावसाशी जोडून पाहता येते. गावाच्या वेशीवरील वीरगळ, मंदिरातील शिलालेख, जुनी बारव, बंद पडलेला घाणा यांची मापे घेऊन, वृद्धांना विचारून माहिती लिहिता येते. आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, शेतीच्या अवजारांची त्या भागातील नावे, अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली यांतील शब्द मुलांनी टिपून ठेवले, तर ते भाषेच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडतील. विज्ञानाच्या तासाला केलेला प्रयोग फसला, तर तो का फसला हेही लिहिता येते. फसलेल्या प्रयोगाला प्रयोगवहीत जागा नसते. ब्लॉगवर तो सर्वांत वाचनीय लेख ठरू शकतो.

याची व्यवस्था अवघड नाही. चाळीस मुलांच्या वर्गात पाच-पाच जणांचे आठ गट केले आणि दर आठवड्याला एका गटाची पाळी ठेवली, तर शिक्षकाला आठवड्यात पाचच लेख पाहावे लागतात आणि प्रत्येक मुलाची पाळी वर्षातून चार वेळा येते. लेख आधी कागदावर लिहावा. गटातील दुसऱ्या मुलाने तो वाचून काय कळले नाही ते विचारावे. मग दुरुस्ती, मग शिक्षकांची नजर आणि शेवटी टंकन. सर्व मुलांच्या हाती संगणक असण्याची गरज नाही. शाळेतील एक संगणक किंवा शिक्षकांचा एक भ्रमणध्वनीही पुरतो. प्रतिसाद कसा द्यावा हेही शिकवायला हवे. ‘छान’, ‘मस्त’ म्हणजे प्रतिसाद नव्हे. या लेखातून काय नवे कळले, कोणता प्रश्न पडला आणि कोणती गोष्ट अधिक स्पष्ट हवी होती, असे तीन मुद्दे प्रत्येक प्रतिसादात असावेत, एवढा नियम पुरेसा आहे. विरोधी मत सभ्य शब्दांत मांडण्याचा संस्कार याच वयात व्हायला हवा. समाजमाध्यमांवर प्रौढांची जी भाषा वाचायला मिळते ती पाहता, त्या संस्काराची गरज वेगळी सांगायला नको.

एका मुलीची थाळी

मुलांच्या हाती असे साधन दिल्यावर काय घडते, याचे बोलके उदाहरण स्कॉटलंडमधील आहे. लॉकगिल्पहेड या गावातील नऊ वर्षांच्या एका मुलीने २०१२च्या एप्रिलअखेर ‘नेव्हरसेकंड्स’ नावाचा ब्लॉग वडिलांच्या मदतीने सुरू केला. शाळेत दुपारी मिळणाऱ्या जेवणाचे छायाचित्र काढायचे, त्याला चव आणि पौष्टिकतेनुसार गुण द्यायचे, किती घासांत संपले ते मोजायचे, असे त्याचे साधे स्वरूप होते. थाळीत अन्न किती अपुरे आहे, हे जगाला दिसले आणि ब्लॉगची चर्चा सुरू झाली. जून महिन्यात स्थानिक परिषदेने तिला छायाचित्रे काढण्यास मनाई केली. त्यावर इतका गदारोळ झाला, की परिषदेला लगेच माघार घ्यावी लागली. पुढे त्या ब्लॉगच्या वाचकांनी गरीब देशांतील शालेय भोजनासाठी एक लाख पौंडांहून अधिक निधी दिला आणि त्यातून मलावी देशातील एका शाळेत स्वयंपाकघर उभे राहिले.

ही कथा वाचून सुखावणे सोपे आहे. अवघड प्रश्न पुढचा आहे. आपल्याकडील पाचवीतल्या मुलीने शालेय पोषण आहारातील खिचडीबद्दल, शाळेच्या नळाला न येणाऱ्या पाण्याबद्दल किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या दाराबद्दल प्रामाणिकपणे लिहिले, तर मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि गटशिक्षणाधिकारी यांची प्रतिक्रिया काय असेल? लेख काढून टाका, असा दूरध्वनी येणार असेल, तर मुले पुन्हा मोराच्या पिसाऱ्याकडे वळतील आणि त्यात त्यांचा दोष नसेल. मुलांनी खरे बोलावे असा संस्कार करणाऱ्या समाजाने त्यांचे खरे लेखन वाचण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या कल्पनेवर घेतले जाणारे आक्षेप निराधार नाहीत. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. २०२३मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणविषयक कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या वैयक्तिक माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. म्हणून वर्गाच्या ब्लॉगवर मुलाचे पूर्ण नाव, छायाचित्र, पत्ता यांपैकी काहीही असू नये. फक्त पहिले नाव किंवा टोपणनाव द्यावे, खाते शाळेच्या नावावर असावे, पालकांची लेखी संमती घ्यावी आणि प्रत्येक प्रतिसाद शिक्षकांनी पाहिल्यावरच प्रसिद्ध व्हावा. आरंभी ब्लॉग फक्त पालक आणि एखादी मित्रशाळा यांनाच दिसेल अशी व्यवस्था केली, तरी लेखनाला वाचक मिळतोच.

दुसरा आक्षेप पडद्याचा. मुले आधीच भ्रमणध्वनीत बुडाली आहेत, त्यात आणखी भर कशाला, असे पालक म्हणतात. ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण सर्वेक्षणानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे उपकरण मुलांच्या हाती आलेलेच आहे. आठवड्याकाठी अर्धा तास त्याचा उपयोग बघण्याऐवजी लिहिण्यासाठी झाला, तर ती भर नसून वळण आहे.

तिसरा आक्षेप नवा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात निबंध लिहून देते, मग मुलांनी लिहायचेच कशाला? वस्तुतः याच कारणासाठी मुलांनी लिहायला हवे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध यंत्र मार्गदर्शकापेक्षाही सफाईने लिहील. परंतु काल आपल्या गावच्या ओढ्याला पाणी कोठपर्यंत आले होते, हे त्याला ठाऊक नाही. जे लेखन स्वतः पाहून, मोजून, विचारून झालेले आहे आणि ज्याचा कच्चा खर्डा वर्गमित्रांनी वाचलेला आहे, त्याची नक्कल सोपी नसते. यंत्राने लिहून दिलेला निबंध ही समस्या ज्या शाळांना भेडसावते, त्यांनी आधी आपले निबंधाचे विषय तपासावेत.

शुद्धलेखनाची चिंताही रास्त आहे. बोलून टंकन करण्याची सोय २०१७पासून मराठीत आली आणि ऱ्हस्व-दीर्घाचा विचारच करावा लागू नये, अशी स्थिती निर्माण झाली. त्यासाठीच आधी हाताने लिहिण्याचा आग्रह सोडू नये. ब्लॉग हा वहीचा पर्याय नव्हे, तो वहीचा पुढचा टप्पा आहे. शिवाय महाजालावरील सेवा शाश्वत नसतात, हेही ध्यानात ठेवावे. जगभरातील शिक्षक वापरत असलेली ‘विकिस्पेसेस’ ही सेवा २०१८मध्ये बंद झाली आणि अनेक वर्गांना आपले काम दुसरीकडे हलवावे लागले. वर्षाच्या शेवटी सर्व लेखांची छापील प्रत काढून ती शाळेच्या ग्रंथालयात बांधून ठेवली, तर सेवा बंद पडली तरी शाळेची स्मृती टिकेल. हस्तलिखित मासिकाची जुनी परंपराही त्यातून जपली जाईल.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. मतदारयाद्या, सर्वेक्षणे आणि माहिती भरून पाठवण्याची कामे यांत शिक्षकाचा किती वेळ जातो, हे सर्वज्ञात आहे. ब्लॉग हे आणखी एक शासकीय उद्दिष्ट झाले, ‘प्रत्येक शाळेने महिन्याला अमुक इतके लेख चढवावेत’ असे परिपत्रक निघाले, तर ही कल्पना त्याच दिवशी मरेल. ती शिक्षकाच्या इच्छेवर सोडावी आणि जो शिक्षक ती राबवतो, त्याचे अन्य ओझे कमी करावे.

मराठीचा प्रश्न

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद सर्वत्र साजरा झाला. परंतु भाषेचा भविष्यकाळ तिच्या प्राचीनतेने ठरत नाही. दहा-बारा वर्षांची मुले तिच्यातून काय लिहितात, यावर तो ठरतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे. मातृभाषेतून शिकायचे आणि महाजालावर मात्र रोमन लिपीतील तोडकेमोडके मराठी वापरायचे, ही विसंगती मुलांच्या पिढीत दूर व्हायला हवी. देवनागरीत लिहिण्याची सवय शाळेत लागली, तर ती पुढे टिकते.

येथे परदेशस्थ मराठी माणसांनाही करण्याजोगे काम आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने मराठी शाळा चालतात. तेथील मुले मराठी शिकतात, पण ती वापरायची कोणाशी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. सातारा किंवा गडचिरोलीतील एखाद्या वर्गाचा ब्लॉग त्यांनी वाचावा, त्यांच्या पहिल्या हिमवर्षावाविषयी इकडच्या मुलांनी वाचावे, प्रश्न विचारावेत. फ्रेनेच्या शाळेतील मुले डोंगर आणि समुद्र यांची जी देवघेव करीत होती, तीच देवघेव आज सातासमुद्रापार एका क्षणात होऊ शकते.

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक इच्छुक शिक्षक, लेख दडपण्याचा मोह आवरणारा मुख्याध्यापक आणि आठवड्यातून दहा मिनिटे मुलांचे लेखन वाचून त्यांना प्रश्न विचारणारे पाच-दहा पालक, एवढ्यावर काम सुरू होते. शाळांना संगणक भेट देणाऱ्या संस्था आणि मंडळे गावोगावी आहेत. त्यांनी संगणकासोबत वाचक म्हणून आपला थोडा वेळही द्यावा. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, पाऊस येईल आणि निबंधाचा तोच विषय पुन्हा फळ्यावर लिहिला जाईल. तेव्हा एखाद्या वर्गाने मोराला रजा देऊन आपल्या गावच्या ओढ्याविषयी लिहावे आणि ते वाचायला गावाने तयार असावे.